वाईच धरता का?

बसा. उद्या दुपारी औंधला निघायचं म्हणता ज्योत आणायला. टी-शर्ट छापून आले, टेम्पो ठरला, स्पीकर ठरला. अनवाणी चालायची सवय कुणी केलीय का? नाही ना. म्हणजे बाकी सगळी तयारी झाली, पळायचं तेवढं राहिलं.

आपल्या देवळातला सयाजी गुरव गेला, नाहीतर हे त्यानंच सांगितलं असतं. आता सांगायला मी उरलो. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस थाप मारतोय की खरं बोलतोय, हे मला तिकिटाला हात पुढं करायच्या आधी कळायचं. जयराजनं मला ही गोष्ट एकदाच सांगितली, आणि त्या वेळी तो थाप मारत नव्हता. दिवा जरा बारीक करा. पाखरं येतात.

जयराज म्हणजे वरच्या आळीतला, तामिळनाडूत गलाईचं दुकान असलेला. तुम्ही त्याला गाडीतून येताना-जाताना पाहिलं असेल. पंधरा वर्षं भट्टीपुढं बसून सोनं गाळायचं, त्यामुळं पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरायला लागलेले. चाळिशी ओलांडलेली. त्याला एकच लेक, सृष्टी. नऊ वर्षांची. तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं. औषधावर निभत होतं तोवर निभलं, मग डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. सांगलीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. तारीख मिळाली तीन ऑक्टोबर, दोन हजार चोवीस. गुरुवार, सकाळी नऊ. त्याच दिवशी घटस्थापना होती.

म्हणजे आदली रात्र सर्वपित्री अमावास्येची. बुधवारची. ही रात्र ध्यानात ठेवा.

जयराज नवस बोलला. असा नवस आपल्या गावात कुणी कधी बोललं नव्हतं. औंधच्या यमाईपासून गावातल्या देवळापर्यंत ज्योत एकट्यानं आणायची. साठला थोडे कमी किलोमीटर. उचलल्यापासून टेकवेपर्यंत ती त्याच्याच हातात. वाटेत कुणाच्या हातात द्यायची नाही, कुणाच्या हातातली घ्यायची नाही.

त्याची बायको उत्कर्षा लेकीजवळ हॉस्पिटलात होती. तिनं फोनवर ऐकलं आणि तिचा तोल सुटला.

"देवी तुमाला पळा म्हनाली व्हय? पोरगी रातच्याला बाबा बाबा करती. हितं येऊन बसा की तिच्याजवळ."

"हितं बसून म्या काय करू? डॉक्टर काय मला आत घेनार हायती? माझ्या हातात एवढंच हाय, उत्कर्षा. सकाळी येतोच मी."

सयाजी गुरवानंही त्याला समजावलं. म्हणाला, "लेका, ज्योत एकट्याची नसती. हाताला हात लागत लागत ती गावात येती. तू एकट्यानं आणलीस तर ती तुझी झाली, गावाची न्हाई." पण ज्याच्या लेकीचं काळीज उद्या उघडणार आहे, त्याला कोण काय शिकवणार? सयाजीनं जास्त ताणलं नाही.

बुधवारी दुपारी चारला औंधच्या डोंगरावर ज्योत पेटली. बरोबर टेम्पो, टेम्पोत दहा पोरं, चालवायला आकाराम. आपला सूरज मंडळाचा अध्यक्ष, तोही होता. पोरांचा हिरमोड झालेला, कारण त्यांना पळायचं होतं आणि जयराज कुणाला हात लावू देईना. तो पुढं, टेम्पो मागं. पहिले दहा किलोमीटर तो पळाला. पुढचे दहा भरभर चालला. पुसेसावळी मागं पडली तेव्हा अंधार झाला होता आणि त्याच्या तळव्याला फोड आले होते. रस्त्यात दुसऱ्या गावांच्या ज्योती भेटत होत्या. पोरं ओरडत होती, "आई यमाईच्या नावानं चांगभलं!" समोरूनही तसंच उत्तर येत होतं. एकेका मंडळाची पाच-पाच मिनिटाला हातबदली चाललेली. ताजा गडी यायचा, दमलेल्याच्या हातातली ज्योत घ्यायचा, दमलेला टेम्पोत बसून केळं खायचा.

आता पळणाऱ्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो. दुसऱ्यानं हातातली घेतल्याशिवाय पळणाऱ्यानं थांबायचं नाही. खाली ठेवायची नाही, टेकवायची नाही. घेणारा हात येईपर्यंत पळत राहायचं.

कडेगाव ओलांडलं तेव्हा मोबाईलवर एक वाजून वीस मिनिटं झाली होती. गाव संपलं, दिवे संपले, दोन्ही अंगाला ऊस लागला. आणि टेम्पोचं मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. आकाराम आणि दोघं जण चाक घेऊन कडेगावला माघारी गेले. बाकीची पोरं दिवसभराची दमलेली, टेम्पोत आडवी झाली.

सूरज म्हणाला, "दाजी, थांबा हितंच. चाक आलं की निघू."

"थांबलो तर पाय धरत्यात रं. मी फुडं होतो, तुमी या मागनं."

"मग म्या येतो संगट."

"नगं. तू टेम्पोपाशी थांब, पोरं झोपल्यात."

खरं सांगायचं तर त्याला कुणी बरोबर नको होतं. सूरज बरोबर आला असता तर दर पन्नास पावलांना म्हणाला असता, द्या की वाईच, जरा वेळ धरतो. आणि जयराजला भीती होती की आपण देऊन टाकू. एवढा तो दमला होता. तेलाची बाटली खांद्याला अडकवून तो एकटाच पुढं निघाला.

अमावास्येचा अंधार कसा असतो, हे आता तुम्हाला माहीत नाही. तुम्ही खिशात उजेड घेऊन हिंडता. जयराजच्या हातात ज्योत होती, तिचा उजेड दहा पावलांवर संपायचा. पुढं काही नाही. वारा नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. चालता चालता तो तोंडानं पुटपुटत होता, आई, मी माझा शब्द पाळतोय, तू तुझा पाळ. आई, मी माझा शब्द पाळतोय, तू तुझा पाळ. दुपारी चारपासून हेच. देवीशीही त्याचा असा रोखठोक व्यवहार चालला होता.

मग त्याला त्याची सावली दिसली.

ती पुढं पडली होती.

नीट ऐका. ज्योत त्याच्या हातात, छातीपुढं धरलेली. उजेड पुढं, म्हणजे सावली मागं पडायला पाहिजे. पण रस्त्यावर त्याच्या पुढं लांबच लांब सावली पडली होती आणि ती हलत होती. म्हणजे उजेड मागून येत होता.

त्याला वाटलं, टेम्पो आला. पण गाडीचा आवाज नव्हता. आवाज होता पायांचा. अनवाणी पायांचा. थप... थप... थप...

मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या गावची ज्योत. त्याला जरा धीर आला. पुढं बघतच तो ओरडला, "आई यमाईच्या नावानं..."

मागून उत्तर आलं नाही. पाय तेवढे वाजत राहिले. बऱ्याच वेळानं, दमलेल्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, "...चांगभलं."

आवाज पोरसवदा होता. विशीतला असेल.

"कुठलं गाव रं तुमचं?" जयराजनं विचारलं.

त्यानं गाव सांगितलं. जयराजनं मला ते नाव सांगितलं. मी तुम्हाला सांगणार नाही.

"एकटाच हायस? पोरं कुठं हायती तुझी?"

"फुडं गेली." थप, थप. "म्हनली, तू पळ... आमी पुलापाशी थांबतो."

पुढं कालव्याचा पूल आहे. जयराजला तो ठाऊक होता. म्हटलं, चला, तिथवर सोबत झाली. मागून तो आवाज पुन्हा आला.

"दादा... वाईच धरता का?"

"काय?"

"ज्योत. हात लय दुखत्यात."

जयराज म्हणाला, "गड्या, माझा नवस हाय. कुनाची घ्यायची न्हाई, कुनाला द्यायची न्हाई. पोरगी आजारी हाय माझी."

मागं काही वेळ नुसते पाय वाजले.

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. राग नाही, रड नाही. बरं म्हणाला आणि पळत राहिला. जयराज मला म्हणाला, नानासो, तो ओरडला असता तर मी पळून गेलो असतो. पण ते 'बरं' ऐकून मला पळवेना.

पूल आला.

पुलावर कुणी नव्हतं. टेम्पो नाही. पोरं नाहीत. कठडा, आणि खाली कालव्याचं पाणी.

"न्हाई थांबली," मागून आवाज आला. "दर साली... म्हनत्यात थांबतो."

जयराजनं मनातल्या मनात ते पुन्हा म्हटलं. दर साली.

त्यानं पाय उचलला. मागचे पायही उचलले गेले. तो थांबला. मागचे थांबले नाहीत. ते जागच्या जागी पडत राहिले. थप... थप... कारण थांबायचं नसतं. कुणी घेतल्याशिवाय थांबायचं नसतं.

"दादा..."

आणि त्याच्या डाव्या खांद्याशेजारून एक हात पुढं आला.

हातात ज्योत होती. दांड्याला चिंधी नव्हती. तेल नव्हतं. वास नव्हता. नुसती जळत होती. मनगटाच्या वर टी-शर्टाची बाही दिसत होती, तिच्यावर मंडळाचं नाव आणि साल छापलेलं. साल होतं दोन हजार नऊ. मान वळवायची हिंमत जयराजला झाली नाही. तो फक्त हाताकडं बघत राहिला.

तो हात थरथरत होता. अगदी जयराजच्या हातासारखा. नऊ तास ज्योत धरल्यावर हात जसा थरथरतो, तसा.

आता त्याची अवस्था लक्षात घ्या. घेतली, तर नवस मोडला. नवस मोडला, तर सकाळी नऊला सृष्टी टेबलावर, आणि देवीनं पाठ फिरवलेली. शिवाय म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं की असल्या रात्री वाटेवर जो कुणाचं ओझं घेतो, त्याच्या वाट्याला ती वाटही येते. मग पळत बसा दर अमावास्येला. आणि नाही घेतली, तर? नाही घेतली, तर कुणी काही करणार नव्हतं. तो पोरगा बरं म्हणाला असता.

जयराज देवीचं नाव घ्यायला गेला. माझा शब्द, तुझा शब्द, ते काही तोंडातून फुटेना. दिवसभर पाठ केलेलं सगळं संपलं होतं. पाय संपले होते. त्याला रडू आलं.

"आई," तो म्हणाला, "माझ्यानं न्हाई व्हत. नवस मोडतोय म्या. माझा राग पोरीवर काढू नगंस. तिला तूच बघ आता."

आणि त्यानं डावा हात पुढं केला.

ओझं एवढं आलं की तो गुडघ्यावर बसला. उजव्या हातातली ज्योत तेवढी वर राहिली. डाव्या हातात काय आलं, हे त्यानं पाहिलं नाही. डोळे मिटलेले.

मागचे पाय थांबले.

मग कुणीतरी खाली बसल्याचा आवाज. कठड्याला पाठ घासत, हळूहळू. आणि एक श्वास... लांब... दिवसभर नांगर ओढलेला बैल दावणीला बसताना सोडतो तसा.

मग काही नाही.

त्यानं डोळे उघडले. सावली नव्हती. मागं उजेड नव्हता. डाव्या हातात काही नव्हतं, पण मूठ आवळलेली होती. त्यानं मागं पाहिलं नाही. उठला आणि चालू लागला.

पावणेतीनला टेम्पो त्याला गाठायला आला. दिव्याच्या उजेडात पोरांनी पाहिलं, दाजी चाललेत, उजव्या हातात ज्योत आणि डावा हातही तसाच पुढं धरलेला, आवळलेल्या मुठीत काहीतरी असल्यासारखा. सूरज उतरून पळत गेला. जयराजनं ज्योत त्याच्या हातात दिली.

"दाजी, नवस?"

"धर गप."

पुढं पोरांनीच आलटून पालटून आणली. जयराज टेम्पोत बसून राहिला. पाच वाजून दहा मिनिटांनी ज्योत देवळात आली. बायकांनी पळणाऱ्यांच्या पायावर पाणी ओतलं, दिवा लागला, घट बसला. ज्योत आणणाऱ्यानं तिची काजळी तेलात कालवून अंगठ्यानं लहान पोरांच्या कपाळाला लावायची रीत, तीही झाली. सगळ्यांनी हात जोडले. जयराजला जोडता आले नाहीत. डावी मूठ उघडेना. एका बोटाला सूरजनं ओढून पाहिलं, मग दोघांनी मिळून. नख हलेना. मी तिथंच होतो. बोटं गार होती आणि दगडासारखी घट्ट.

सयाजी गुरवानं ती मूठ आपल्या दोन्ही हातात धरली. मग म्हणाला, "वाटंत कुनाचं घेतलंस?"

जयराजनं मूठ मागं ओढली.

"बरं केलंस का वाईट, ते मला कळत न्हाई," सयाजी म्हणाला. "जा, पोरीकडं जा आधी."

साडेआठला तो सांगलीत पोचला. सृष्टीला हिरवे कपडे घातले होते, कपाळावरची टिकली काढून चेहरा पुसला होता. ती म्हणाली, "बाबा, हात का असा केलाय?" तो म्हणाला, "भाजलंय वाईच." नऊला तिला आत नेलं. दार बंद झालं. शेजारी उत्कर्षा हात जोडून डोळे मिटून बसली, आणि हा भिंतीला टेकून उजव्या तळव्यावर डावी मूठ ठेवून. एवढीच प्रार्थना त्याला जमत होती.

तास गेला. दोन तास गेले. शेवटी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. पूल, पोरगा, टी-शर्ट, सगळं. त्याला वाटलं ती ओरडेल, नवस मोडला म्हणून रडेल. उत्कर्षा चार रात्री जागी होती. तिच्यात ओरडायचं त्राण नव्हतं. ती त्याच्या मुठीकडं बघत म्हणाली, "तिच्यावर सोडलं म्हनता नव्हं? आवं, मग मूठ कशापायी आवळलीया?"

तो बाकावर बसला. बायकोच्या खांद्यावर मान टाकली. आणि लेकीचं काळीज आत उघडं असताना, ज्याची लाज त्याला आजही वाटते, तो झोपला. मेल्यासारखा झोपला. मला विचाराल तर आयुष्यात पहिल्यांदा त्यानं देवावर काही सोडलं असेल तर ते त्या झोपेत.

पुढचं उत्कर्षानं पाहिलं. तिनं मला सांगितलं.

सव्वाबारा वाजले होते. जयराजची मूठ त्याच्या मांडीवर होती. आधी करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. मग मधलं. आपोआप उघडते तशी नाही... कुणीतरी समोर बसून, झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून, एकेक बोट हळूच सोडवावं तशी. समोर कुणी नव्हतं. शेवटी अंगठा सुटला आणि हात उताणा पडला. तळव्यात काही नव्हतं. तिनं त्याला उठवलं नाही.

पाच-दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढत म्हणाले, "झालं. चांगलं झालं." जयराज दचकून उठला, त्याला आधी काही कळेचना. मग मागून स्ट्रेचर आलं. सृष्टी झोपलेली, नळ्या लावलेल्या, छाती हळूहळू वर-खाली होत होती. दोघंही पुढं धावले, आणि स्ट्रेचर ढकलणारी सिस्टर मध्येच थांबली. ती पोरीच्या तोंडाकडं बघत होती.

"हे कुणी लावलं?" ती म्हणाली. "बाहेरचं कुणी आत येत नाही. कपाळ मी स्वतः पुसलं होतं. आत्ता दार उघडेपर्यंत नव्हतं हे."

सृष्टीच्या कपाळावर काजळीचा टिळा होता. तेलात कालवलेला, अंगठ्यानं लावलेला. बाप्या माणसाचा अंगठा, चांगला रुंद.

जयराजनं वाकून त्यावर बोट टेकवलं. काजळी अजून गरम होती.